पुन्हा उभी राहिलेली सुरत

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. त्यामुळे आम्हा नंदुरबारकडच्या माणसांना सुरत कधी परकी वाटत नाही. लिंबायत, उधना, डिंडोली भागात शिरलं की अहिराणी कानावर पडते आणि आपण गावातच आहोत असं वाटतं.

माझे मामा तिथे यंत्रमागावर कामाला होते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो लोकांनी मिळेल त्या गाडीने शहर सोडलं. मामाही तोंडाला रुमाल बांधून गावी आले. त्यांना ना ताप होता, ना खोकला. तरी त्यांचं ताट वेगळं ठेवलं गेलं. शेजारी ओट्याजवळ फिरकेनात. मी तेव्हा शाळकरी होते. मीही लांबच उभी राहिले. आपल्याच माणसांची ती नजर मामांच्या जिव्हारी लागली. "आता माझ्याच्यानं काही होणार नाही," एवढंच ते म्हणत.

दिवाळीनंतर कारखान्यातून निरोप आला. मामींनी आग्रह केला म्हणून ते परत गेले.

त्या वेळी सुरत शहराचीही अवस्था मामांसारखीच होती. सुरतेचं नाव काढलं की लोक नाकाला रुमाल लावत. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी खुर्ची सोडून रोज गल्लीबोळांत फिरायचं, असा त्यांनी दंडक घातला. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. अतिक्रमणं हटली, घाण करणाऱ्यांना दंड बसू लागला. दोन वर्षांच्या आतच हेच शहर स्वच्छतेसाठी देशभर नावाजलं गेलं.

ऑगस्ट २००६ मध्ये पुन्हा परीक्षा आली. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला, बरंचसं शहर बुडालं. मामांच्या खोलीतही चिखल भरला. आम्ही बोलावलं, पण या वेळी ते गावी आले नाहीत. शेजाऱ्यांबरोबर त्यांनी आधी गल्लीतला चिखल काढला, मग घरातला. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली, तेव्हा मामांनी आम्हाला घारीचा डबा पाठवला!

मागच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर चौक बाजारातला जुना किल्ला पाहिला. सोळाव्या शतकातला हा किल्ला आता डागडुजी करून संग्रहालय झाला आहे. तापीकडे बघत मी इतक्या वर्षांचं मनातलं विचारलं, "मामा, तेव्हा आमचा राग नाही आला?"

"आला ना पोरी. पण परत गेल्यावर पहिल्या दिवशी मागावर धागा तुटला, हात कापत होता. कसाबसा जोडला. दुसऱ्या दिवशी तेवढा कापला नाही. असं करत करत बरं वाटायला लागलं."

नापास झालेली, खचलेली मुलं माझ्याकडे येतात. पूर्वी मी त्यांना मोठी मोठी उदाहरणं देत असे. आता एवढंच सांगते, की आत्मविश्वास येण्याची वाट बघू नका. उद्या सकाळी एक धडा वाचा, परवा दुसरा. आणि घरच्यांना सांगते, तोपर्यंत त्याचं ताट वेगळं ठेवू नका.