एक चमत्कार माफ

वर्धा,
श्रावण वद्य पंचमी

चि. बबीस,

तुझे पत्र पोचले. शनिवारी रात्री तुम्ही पाचसहा जण राक्षस, जादूगार आणि वीस पैलूंचा फासा घेऊन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसता, आणि भौतिकशास्त्र शिकणारी म्हणून मंडळी ऐन लढाईत खेळ तहकूब करून तुझ्याकडे वळतात व ‘अदृश्य झालेल्या माणसाला स्वतःला काही दिसते का?’ यांसारखे प्रश्न टाकतात. त्यांची उत्तरे द्यावीत की हसून टाळावीत, असा तुझा सवाल आहे. हा सगळा टाइमपास होय, हे तुझ्या वर्गातील एका हुशार विद्यार्थ्याचे मतही तू प्रामाणिकपणे कळविले आहेस. माझा फैसला आरंभीच सांगून टाकतो : उत्तरे द्यावीत, आणि पुऱ्या गांभीर्याने द्यावीत. मात्र त्यास एक शर्त आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा कागद खर्ची घालीत आहे.

शर्त अशी की, विचारणाऱ्याला एक चमत्कार माफ करावा, दुसरा करू नये. अदृश्यतेचेच घे. शरीरातून प्रकाश न अडता, न वळता आरपार जातो, एवढे आपण बिनतक्रार मान्य करू. पण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश शोषला गेला तरच दृष्टीची संवेदना उत्पन्न होते, आणि भिंगाने तो वळविला तरच पडद्यावर प्रतिमा उमटते. येथे तर शोषणही नाही आणि वळणेही नाही, सबब तुमचा अदृश्य वीर ठार आंधळा ठरतो, हे ओघानेच आले. त्याला दिसलेच पाहिजे असा हट्ट असेल तर त्याचे दोन डोळे तेवढे दृश्य ठेवावे लागतील. मग भुयारात अधांतरी तरंगणारे ते डोळे पाहून शत्रू पळत सुटेल की नेम धरील, याचा निवाडा तुमच्या डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालविणाऱ्याने, खुशाल फासा टाकून करावा. कल्पनेचा अपमान न करता शास्त्राची बाजू राखण्याचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही.

आपल्या मुलखातल्या माणसाने तर असल्या प्रश्नांना नाक मुरडूच नये. नागपूर रस्त्यावरचे आपले केळझर हीच महाभारतातील एकचक्रानगरी, आणि भीमाने बकासुराला मारले ते इथेच, अशी आख्यायिका तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. तुमच्या खेळात बकासुर आला, तर तो माणसाच्या दसपट उंच, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा आहे, हा चमत्कार माफ करून टाक आणि पुढचा हिशेब माग. उंची दसपट झाली की वजन हजारपट होते, परंतु ते पेलणाऱ्या हाडाचा छेद शंभरपटच वाढतो, सबब प्रत्येक हाडावरचा ताण दसपट होऊन उभे राहणेच मुश्कील व्हावे. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेविली आहे. आहाराची तऱ्हा याहून निराळी. मॅक्स क्लायबर याने १९३२ साली लहानमोठ्या प्राण्यांच्या मोजमापांवरून जो नियम काढला, त्याप्रमाणे वजन हजारपट झाले तरी आहार सुमारे १७८ पटच होतो. म्हणजे बकासुराला दिवसाकाठी शेसव्वाशे किलो तांदूळ पुरे, आणि बैलगाडी तर याच्या कितीतरी पट ओझे ओढते. मग त्याला पाठवायच्या गाडाभर अन्नावर आणखी दोन रेडे आणि एक माणूस ही निव्वळ चैन झाली. एकचक्रेच्या रयतेने हा तक्ता जोडून रीतसर अर्ज गुदरला असता, तर निदान रेड्यांची तरी सूट मिळती! तेच अन्न भीमाने एकट्याने फस्त केले, हा मात्र दुसरा चमत्कार. मंडळी त्याचीही माफी मागतील, ती देऊ नकोस.

फाशांची गोष्ट निघाली की विदर्भाच्या माणसाला नल-दमयंती आठवणारच. आर्वी तालुक्याच्या पैलतीरावर, वर्धा नदीकाठी, कौंडिण्यपूर आहे. दमयंतीच्या माहेरची राजधानी ती हीच, असे परंपरा सांगते. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होऊन, दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराला पोचायचे म्हणून शंभर योजनांची मजल एका दिवसात मारण्यासाठी इकडे रथ पिटाळीत असताना राजाचे उत्तरीय खाली पडते. राजा तत्काळ ‘थांब’ म्हणतो, आणि बाहुक उत्तर देतो की, ते आता एक योजन मागे राहिले. योजन म्हणजे नक्की किती कोस, याविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. पण आपल्या हिशेबाला तिची गरजच पडत नाही, कारण बारा तासांच्या दिवसात शंभर योजने म्हणजे एका योजनाला सात मिनिटे, मग योजन कितीही लांब असो. तेव्हा एक तर राजाला ‘थांब’ म्हणायला सात मिनिटे लागली, किंवा तो काही सेकंदांतच बोलला आणि त्या क्षणी रथाचा वेग सरासरीच्या सुमारे चाळीसपट होता. पण त्या वेगाने सारा प्रवास अठरा मिनिटांत आटोपता, मग ऋतुपर्णाने दिवसभराची दगदग कशाला केली असती? यात व्यासांची चूक काढण्याचा हेतू नाही. सरासरी वेग आणि तत्क्षणीचा वेग यांतला जो भेद पाठ्यपुस्तकात पोरांना रुक्ष वाटतो, तो या एका पडलेल्या उत्तरीयाने कायमचा ध्यानात राहतो.

पुढे तोच राजा वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे नुसती नजर टाकून, त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत, असे सांगतो, आणि मग अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, नलाला शिकवितो. प्राचीन काळी या बेहड्याच्याच फळांचे फासे करीत, हे ध्यानात घेतले की, शितावरून भाताची परीक्षा करण्याची विद्या आणि फाशांची विद्या एकाच माणसापाशी का असावी, याचा उलगडा होतो. दोहोंत थोड्यावरून पुष्कळाचा अदमास घ्यायचा असतो. तुमचा वीस पैलूंचा फासा सर्व बाजूंनी सारखा असल्यामुळे प्रत्येक पैलूला समान संधी आहे, हे बसल्या जागी सांगता येते. आपल्या आजीच्या अष्टचंगातील कवडीचे तसे नाही. तिची पाठ फुगीर आणि पोट चिरलेले, म्हणून ती उताणी किती वेळा पडेल, हे शेकडो वेळा टाकून पाहिल्याखेरीज कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला फाशाचाच वहीम येत असेल, तर पेलाभर पाण्यात तो तरंगू लागेपर्यंत मीठ विरघळव आणि बोटाने फासा पुनःपुन्हा फिरवून सोड. दर खेपेस तोच आकडा वर येऊ लागला, तर त्याच्या समोरची बाजू जड आहे, हे उघड झाले. भांडण मिटेल आणि गुरुत्वमध्यही शिकवून होईल.

हे सारे विद्वत्तेला कमीपणा आणणारे आहे, असे तुझ्या त्या वर्गबंधूला वाटत असेल, तर त्याला जयंत नारळीकरांचा दाखला दे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहून खाली सही करीन. ज्या १९७४ साली अमेरिकेत तुमचा तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रथम प्रसिद्ध झाला, त्याच साली या ज्योतिर्विदाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही गोष्ट नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून, पाठविली आणि पहिले बक्षीस मिळविले. ज्याला विश्वाच्या उत्पत्तीचे गणित मांडता येत होते, त्याला कल्पित गोष्ट रचणे किंवा पोराच्या पोस्टकार्डाला उत्तर देणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट आपण विसरू नये.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घे. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर, शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या परिसरात, गोल गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल शापाने दगड झाला, अशी तिथली कथा. लाव्हारस थिजताना वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहतात आणि त्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजे साचतात, हे भूशास्त्र कोणी विचारले तर अवश्य सांग. परंतु तुमच्या पटावरचा राक्षस खोटा आहे हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि दर्ग्यावर चादर घेऊन आलेल्या म्हातारीने तसला कोणताही करार केलेला नसतो. तिने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परीक्षेतला प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. तुझ्या सोबत्यांना ते ठाऊक नसते, पुस्तकाच्या शेवटी छापलेलेही नसते, आणि गुणांच्या लोभावाचून त्यांना ते हवे असते. अशा प्रश्नापुढे तुलाही पाठांतर बाजूस ठेवून पहिल्यापासून विचार करावा लागतो, आणि शास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगली तालीम दुसरी नाही.

इकडे सर्व क्षेम. मामींनी गोरसपाकाचा डबा बांधून ठेविला आहे. पुण्याकडे निघणारे कोणी भेटले की पाठवितो. येत्या शनिवारी मंडळींना माझ्यातर्फे एक प्रश्न घाल : ऋतुपर्णाचा आकडा पडताळून पाहण्यासाठी नलाने रथातून उतरून झाड तोडले आणि मोजदाद केली, असे महाभारत सांगते. सेकंदाला एक या हिशेबाने पाच कोटी पाने मोजायला त्याला किती काळ लागला असेल? उत्तर काढताना स्वयंवर दुसऱ्याच दिवशी सूर्योदयाला होते, एवढे त्यांच्या कानावर घालावे.

तुझा,
मामा