एका व्हिसाअर्जामागचे सरकार

अमेरिकेच्या राज्यघटनेचे पहिले कलम काँग्रेसविषयी आहे, दुसरे राष्ट्राध्यक्षांविषयी आणि तिसरे न्यायालयांविषयी. १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेली आणि १७८९ पासून अमलात आलेली ही घटना कायदा करणारे, तो राबवणारे आणि त्याचा अर्थ लावणारे यांना एकमेकांपासून वेगळे बसवते. भारतीय वाचकाची पहिली अडचण होते ती 'सरकार' या शब्दाची. भारतात सरकार म्हणजे लोकसभेत बहुमत असलेले मंत्रिमंडळ. ते संसदेतून निघते, संसदेत बसते आणि बहुमत गेले की पडते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी वेगळ्या निवडणुकीने येतात. काँग्रेसमध्ये त्यांच्या पक्षाचे बहुमत नसले तरी त्यांचे पद जात नाही, आणि काँग्रेस कितीही विरोधात गेली तरी ते ती बरखास्त करू शकत नाहीत. तेथे मध्यावधी निवडणूक म्हणतात ती ठरल्या तारखेला, राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोड आणि राम मारुती रोडच्या आसपासच्या इमारतींत, मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली घरे पुष्कळ आहेत. 'लॉटरी लागली का', 'स्टॅम्पिंग झाले का', 'प्रायॉरिटी डेट कुठवर आली' हे तेथले रोजचे प्रश्न. या प्रश्नांची उत्तरे वॉशिंग्टनमधल्या निरनिराळ्या हातांत आहेत. नोकरीसाठीच्या एच-१बी व्हिसाच्या एका अर्जाच्या मागोमाग गेले तर त्या सरकारची जवळपास सगळी रचना नजरेखालून जाते.

हा अर्ज उमेदवार करत नाही, कंपनी करते. पगार आणि कामाच्या अटींबाबतचा एलसीए हा कागद प्रथम श्रम खात्याकडून मंजूर व्हावा लागतो. मूळ अर्ज जातो यूएससीआयएसकडे, म्हणजे नागरिकत्व व स्थलांतर सेवा कार्यालयाकडे. हे कार्यालय अंतर्गत सुरक्षा खात्याचे, आणि ते खाते ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर २००२ च्या कायद्याने स्थापन झाले. अर्ज मंजूर झाल्यावर उमेदवार ठाण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जातो. वकिलात परराष्ट्र खात्याची. तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर आत सोडायचे की नाही, हे सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाचा अधिकारी ठरवतो, आणि तो पुन्हा अंतर्गत सुरक्षा खात्याचा.

पासपोर्टवर याची खूण स्पष्ट दिसते. वकिलातीने चिकटवलेल्या व्हिसावर एक तारीख असते. विमानतळावर होणाऱ्या आय-९४ नोंदीत दुसरी. पहिली तारीख दारापर्यंत येण्याच्या परवानगीची, दुसरी आत राहण्याच्या मुदतीची. व्हिसाची तारीख उलटूनही माणूस कायदेशीर वास्तव्य करत असू शकतो. मात्र भाच्याच्या लग्नाला ठाण्यात आला की परत जाण्यापूर्वी त्याला नवे स्टॅम्पिंग करून घ्यावे लागते. दोन खाती, दोन तारखा. घरच्यांची धांदल उडते ती बहुतेक वेळा या दोन तारखा एकच समजल्यामुळे.

ही सारी खाती राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालची, म्हणजे कार्यकारी शाखेची. अशी खाती १५ आहेत. त्यांच्या प्रमुखांची नावे राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट त्यांना संमती देते, आणि त्यांना काँग्रेसचे सदस्य राहता येत नाही. मार्को रुबिओ जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले तेव्हा त्यांना सिनेटची जागा सोडावी लागली. भारतात मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेचे सदस्य व्हावे लागते. अमेरिकेत नेमके उलट.

लॉटरी मात्र कोणत्याही खात्याने आपल्या मर्जीने काढलेली नाही. वर्षाला ६५,००० एच-१बी ही मर्यादा काँग्रेसने १९९० च्या कायद्यात घातली आणि २००४ च्या कायद्याने अमेरिकी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा दिल्या. मधल्या काळात काँग्रेसनेच ही मर्यादा १,९५,००० पर्यंत वाढवली होती; ती मुदत संपू दिली आणि आकडा पुन्हा ६५,००० वर आला. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून सोडत. राष्ट्राध्यक्षांना या आकड्यात एकाचीही भर घालता येत नाही.

काँग्रेसची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य, लोकसंख्येनुसार वाटलेले, मुदत अवघी दोन वर्षे. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, असे १००, मुदत सहा वर्षे. दर दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१ आणि गोव्याला एक जागा मिळते. सिनेटमध्ये सुमारे चार कोटी लोकवस्तीच्या कॅलिफोर्नियालाही दोन आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच. लहान राज्यांनी १७८७ मध्ये ही अट मान्य करवून घेतली, आणि राज्याच्या संमतीशिवाय त्याचा सिनेटमधला समान वाटा कमी करता येणार नाही असे घटनेच्या पाचव्या कलमातच लिहून ठेवले आहे.

ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेतली प्रायॉरिटी डेट वर्षानुवर्षे हलत नाही याचे मूळही कायद्यात आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांहून अधिक सहसा मिळत नाहीत. भारताला आणि आइसलँडला एकच टक्केवारी. ही अट काढून टाकणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने १० जुलै २०१९ रोजी ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. एवढ्या बहुमतानंतर कायदा झालाच, असे भारतीय वाचकाला वाटणे साहजिक आहे. सिनेटमध्ये ते मतदानाविना, सर्वसंमतीने पुढे नेण्याचा प्रयत्न झाला. पण त्या पद्धतीत एका सदस्याने हरकत घेतली तरी विधेयक थांबते, आणि तशी हरकत एकाहून अधिक वेळा घेतली गेली. शेवटी २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने ते संमत केले, पण बरेच बदल करून. दोन्ही सभागृहांचा मजकूर शब्दशः एक असल्याशिवाय विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे जात नाही. ३ जानेवारी २०२१ ला त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक दोन्हीकडे मंजूर होऊनही व्यपगत झाले. भारताच्या घटनेत अशा पेचासाठी संयुक्त बैठकीची तरतूद आहे, अमेरिकेच्या घटनेत नाही. या रचनेत कायदा करण्यापेक्षा अडवणे सोपे आहे, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. रांगेत थांबलेल्या कुटुंबांनी त्याची किंमत वर्षांत मोजली आहे. शिवाय वादग्रस्त विधेयकावरची चर्चा संपवून मतदान घेण्यासाठी सिनेटमध्ये १०० पैकी ६० मते लागतात. हा नियम घटनेतला नाही, सिनेटने स्वतः केलेला आहे.

मंजूर विधेयकावर राष्ट्राध्यक्ष सही करतात किंवा नकाराधिकार वापरतात. दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी पुन्हा संमत केले तर सहीविना कायदा होतो. भारताच्या राष्ट्रपतींना तेच विधेयक दुसऱ्यांदा आले की संमती द्यावीच लागते. त्या मानाने अमेरिकी नकार फार वजनदार आहे.

राष्ट्राध्यक्षांचा दुसरा मार्ग म्हणजे जुन्या कायद्याने दिलेले अधिकार वापरणे. १९५२ च्या स्थलांतर कायद्यातले एक कलम त्यांना परदेशी व्यक्तींचा प्रवेश रोखण्याची मुभा देते. त्याच्याच आधारे १९ सप्टेंबर २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांसाठी एक लाख डॉलर भरण्याची अट घालणारी उद्घोषणा काढली. मर्यादेचा आकडा तोच राहिला, पण देशाबाहेरच्या उमेदवाराला बोलावणे कंपन्यांना फार महाग झाले. उद्योगांच्या संघटना आणि नंतर काही राज्ये न्यायालयात गेली. शुल्क बसवणे हे काँग्रेसचे काम की राष्ट्राध्यक्षांचे, हा त्यातला एक वाद.

येथे तिसरी शाखा येते. संघीय न्यायालयांची उतरंड तीन पायऱ्यांची: जिल्हा न्यायालये, अपील न्यायालये आणि नऊ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय. नावे राष्ट्राध्यक्ष सुचवतात, संमती सिनेट देते, आणि नेमणूक तहहयात असते. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ६५ व्या वर्षी निवृत्ती आणि नावे सुचवायला न्यायाधीशांचेच कॉलेजियम. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा अधिकार अमेरिकेच्या घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन निकालाने न्यायालयाने तो प्रस्थापित केला.

एच-४ व्हिसावर गेलेल्या सुनांचा प्रश्न याच वाटेने गेला. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला नोकरी करता येत नसे. ग्रीन कार्डाच्या रांगेत ठराविक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना देणारा नियम ओबामा प्रशासनाने २०१५ मध्ये केला. तो काँग्रेसचा कायदा नव्हता, खात्याचा नियम होता. त्यामुळे पुढच्या प्रशासनाने तो काढून घेण्याची तयारी चालवली आणि नंतरच्या प्रशासनाने ती तयारी मागे घेतली. दरम्यान नियमाविरुद्धचा दावा २०१५ पासून चालूच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला. ठाण्यात इंजिनिअर होऊन गेलेल्या मुलीने नोकरी करायची की घरी बसायचे, हे जवळजवळ दहा वर्षे अशा टांगणीला होते.

नातवंडांचा प्रश्न याहून मोठा. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व दिले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांचे हक्क पक्के करणे हा तिचा हेतू. त्याच मुक्तीच्या लढ्याचा गौरव करत महात्मा फुल्यांनी पाच वर्षांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने ट्रम्प यांनी तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या, म्हणजे एच-१बीवाल्यांच्याही, मुलांना हे नागरिकत्व नाकारले. तीनच दिवसांनी सिएटलच्या एका जिल्हा न्यायाधीशांनी आदेश थांबवला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांच्या देशव्यापी मनाई हुकमांना मर्यादा घातल्या. मूळ प्रश्न डिसेंबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी स्वीकारला. घटनेचे शब्द बदलायचे तर दोन्ही सभागृहांचे दोनतृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्ये लागतात. सव्वादोन शतकांहून अधिक काळात अशा दुरुस्त्या २७ झाल्या.

पैशाची किल्ली काँग्रेसकडे आहे. १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षासाठी खर्च मंजूर झाला नाही तर खात्यांचे बरेच कामकाज थांबते; २०२५ मध्ये ते ४३ दिवस थांबले. यूएससीआयएस मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालत असल्याने ते बरेचसे सुरू राहिले, पण श्रम खात्यातले एलसीएचे काम काही आठवडे बंद पडले आणि नवे अर्ज पहिल्याच पायरीवर अडकले.

राष्ट्राध्यक्षांना मुदतीपूर्वी काढण्याचा मार्ग महाभियोग. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मलेले, मराठीत 'ही श्रीची इच्छा' हे आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार जानेवारी २०२३ मध्ये डेट्रॉईटच्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहात पोहोचले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचे सात आरोप मांडले. आरोप मांडायला एक सदस्य पुरतो, ते मंजूर करायला सभागृहाचे साधे बहुमत लागते, आणि पदावरून काढायला सिनेटचे दोनतृतीयांश. ठाणेदारांना स्वपक्षातूनही साथ मिळाली नाही. मे महिन्यात त्यांनी मतदानाचा आग्रह सोडला. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि दोनदा ट्रम्प, एवढ्यांवर २०२५ पूर्वी महाभियोग मंजूर झाला होता. सिनेटने एकालाही दोषी ठरवले नाही.

ग्रीन कार्डानंतर सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. त्यातली नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा याच विषयावर असते: सिनेटर किती, विधेयकावर सही कोण करतो, न्यायशाखा काय करते. २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांच्या यादीतले २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात; त्याआधी १०० पैकी १० विचारत आणि सहा पुरत. नागरिक झाल्यावर सात वर्षांनी प्रतिनिधिगृहाची आणि नऊ वर्षांनी सिनेटची दारे उघडतात. राष्ट्राध्यक्षपद मात्र जन्माने नागरिक असलेल्यांसाठीच आहे. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट परत करावा लागतो आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीच्या ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. मतदारयादीत नाव घालण्यासाठी वॉशिंग्टनला जायचे नसते. निवडणूक घेणारा भारतासारखा केंद्रीय आयोग तेथे नाही. राष्ट्राध्यक्षपदाचे मतदानदेखील राज्ये आणि त्यांच्या काउंट्या घेतात, आणि नोंदणी होते ती राहत्या राज्याच्या नियमांप्रमाणे.