कोरं करकरीत

मार्चमधली दुपार. सांगोल्याच्या एसटी स्टँडवर पंख्याखालची बाकं रिकामी होती, तरी मी खांबाला टेकून उभा होतो. बसता येत नव्हतं. अंगात जपानहून मागवलेली कोरी जीन होती, चौरस वाराला चौदा औंस भरणाऱ्या कापडाची, खळ न काढलेली. गुडघ्यात वाकवायची म्हणजे पत्रा वाकवल्यासारखं. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोन-तीनदा निरखून पाहिलं आणि मग न राहवून विचारलं, "आपरेशन झालंय का?"

"न्हाई वो, नवी पँट हाय."

"मग धुवून घालायची की!"

म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं. कोरं कापड आधी पाण्यातून काढायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आम्हा नादिष्टांचा सगळा खेळ न धुण्यावर चालतो. डेनिमचा ताणा निळीत बुडवतात, बाणा पांढरा ठेवतात. नीळ मोठी वरवरची. सुताच्या गाभ्यापर्यंत ती पोचतच नाही, सालीसारखी वर बसते. घासली गेली की सुटते आणि आतलं पांढरं डोकावतं. आता घासणार कुठं, हे माणसागणिक वेगळं. म्हणून कोरी जीन सहा-आठ महिने पाण्याविना वापरायची. जिथं आपण वाकतो, टेकतो, खिशात हात घालतो, तिथं ती फिकी होत जाते. या फिकेपणाच्या तऱ्हांना त्या दुनियेत डझनभर नावं आहेत. मला मराठीतला एक शब्द पुरतो, आणि तो या छंदाच्या कितीतरी आधीचा आहे: अंगवळणी पडणं.

मी एका शाळेत लिपिक आहे. पोरं भाऊसाहेब म्हणतात. कपाटात जुन्या अमेरिकन कामगारांच्या कपड्यांच्या हुबेहूब नकला आहेत: चार जीन, एक जाकीट; एक शर्टही होता. जीनच्या किमती घरात सांगताना शेवटचं शून्य गाळतो. सोळा हजारांची पँट सोळाशेला पडली म्हटलं तरी आई म्हणते, "लुटलं तुला."

हा नाद कुठून लागला ते सांगतो. 1995 च्या सुमारास अरविंद मिल्सनं 'रफ अँड टफ' नावाची जीन बाजारात आणली. ती शिवलेली नव्हतीच. पिशवीत बेतापुरतं कापड, चेन, तांब्याच्या रंगाची रिबिटं आणि मागं लावायचा बिल्ला. किंमत दोनशेच्या आत. पिशवी शिंप्याकडे न्यायची आणि शिवून घ्यायची. तोवर जीन म्हणजे सोलापूर-पुण्याच्या काचेमागची वस्तू. ती अशी सुटी होऊन आमच्या शिंप्याच्या टेबलावर पडली तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानं तिचे तुकडे उलटेपालटे करून पाहिले, रिबीट दाताखाली धरून पाहिलं, आणि आपली सुई दोनदा मोडल्यावर घोड्याच्या खोगिराला वापरायची सुई मागवतो म्हणाला. मला वाटलं, थट्टा करतोय.

पुढं वाचनात आलं की जीन जन्मली तीही जवळजवळ अशीच. नेवाडातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. घोड्यांच्या झुली, तंबू, गाड्यांची आच्छादनं हे त्याचं काम. एका लाकूडतोड्याची बायको आली आणि नवऱ्यासाठी न उसवणारी विजार मागू लागली. झुलींना मारायची तांब्याची रिबिटं टेबलावर होती, ती त्यानं खिशाच्या कोपऱ्यांना ठोकली. पेटंटला पैसे नव्हते, म्हणून ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेवी स्ट्रॉसला पत्र लिहिलं. 20 मे 1873 ला दोघांच्या नावे पेटंट निघालं. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण कष्टकऱ्याच्या अंगावर काय आहे याकडे कुणाचं तरी लक्ष गेलं, ते एकाच साली दोन गावांत, हे मला उगाच आवडतं.

आणि इंग्रजांनी कामगारी कापडाला ज्या नावानं हाक मारली ते 'डंगरी' तर आपल्या मुंबईतल्या डोंगरीचं. तिथलं जाडंभरडं कापड जहाजांतून गेलं, खलाशांच्या अंगावर चढलं आणि नाव घेऊन जगभर हिंडलं. आता गॅरेजातला मेकॅनिक घालतो ती 'डांगरी' म्हणजे सासरी नाव बदलून माहेरी आलेली लेक. नीळही आपलीच, इंग्रजी नावातसुद्धा तिनं हिंद सोडलेला नाही. 1897 पासून जर्मनांची कारखान्यातली नीळ विकायला आली आणि आपल्या निळीचे मळे ओसाड झाले. माझी जीन त्या कारखानी निळीतलीच आहे. नाक खुपसून वास घेतला तरी मळ्याचा मागमूस नाही.

अमेरिकनांनी पुढं जुने धोट्याचे माग सोडले, रुंद आणि वेगानं विणणारे घेतले. कापड सारखं, गुळगुळीत आणि स्वस्त झालं. जुन्या कापडातला तो ओबडधोबडपणा गेला, आणि तो हवाहवासा वाटला जपान्यांना. 1979 साली ओसाकात 'स्टुडिओ द'आर्टिझाँ' निघालं, 1995 साली 'वेअरहाउस'. ही मंडळी जुनी जीन उसवून शिवण मोजतात, दोऱ्याचा पीळ मोजतात आणि तशीच नवी करतात. ओकायामा प्रांतातलं कोजिमा हे या उद्योगाचं माहेर. जीनच्या आधी कोजिमात काय शिवत असत? शाळेचे गणवेश.

इथं सोलापूर जिल्ह्यातला माणूस दचकलाच पाहिजे. आमचं सोलापूरही गणवेशांचंच शहर. गिरण्यांचे भोंगे गेले, पण शिलाई राहिली, आणि कुठल्या कुठल्या राज्यांतली पोरं सोलापुरी चड्डी-शर्ट घालून प्रार्थनेला उभी राहतात. सुताचं म्हणाल तर डाळिंब-ज्वारीच्या या सांगोल्यातही अकरा वेळा आमदार झालेल्या गणपतराव देशमुखांनी सहकारी सूतगिरणी उभी केलेली आहे. सूत आहे, शिंपी आहेत, माग आहेत. नाही ती फक्त जुन्यासाठी वेडं होण्याची चैन.

गणवेशावरून आठवलं. आम्हाला कपडे घेतले जात ते 'वाढत्या अंगाचे'. पाचवीत शर्टाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. दर धुण्याला कापड आटायचं, दर महिन्याला मी वाढायचो, आणि सातवीच्या दिवाळीआसपास आम्हा दोघांची गाठ पडायची. तेवढे चार-सहा महिने मी मापात असायचो. जपानी दुकानदारानं जीनसोबत कागद पाठवला होता: कापड न आटवलेलं आहे, पाण्यात दहा टक्क्यांपर्यंत आटेल, तेव्हा मोठं माप घ्या. आटू न देण्याची युक्ती सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकनानं 1930 च्या सुमारास काढली होती. ती मुद्दाम टाळून केलेलं कापड आज जास्त दामानं विकतात. कागद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हंजे वाढत्या अंगाचं."

पुढचं तिला पटलं नाही. धोट्याच्या मागावर कापडाला बांधीव काठ येतो. शौकीन मंडळी पायाची घडी वर दुमडून तो काठ लोकांना दिसेल अशी तजवीज करतात. माझी दुमडलेली घडी पाहून आई म्हणाली, "काठ दावायचा तर लुगडं नेस की रं." लुगड्याची पारख काठ-पदरावरून करण्यात हयात गेलेली बाई ती. तिच्या हातात जीन दिली तर तिनं मात्र आधी काठच चाचपला, मग उलटी करून शिवण पाहिली आणि म्हणाली, "हिची वाकळ व्हायची न्हाई. सुई जाईल कुठनं?"

वाकळेवरून मी बरेच दिवस विचार करत होतो. सांगोल्यात जुने कामाचे कपडे शोधायचे ठरवलं होतं मी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना अंगात होती तसली पैरण, मांजरपाटाची कोपरी, काहीतरी. कुणाच्या ट्रंकेत सापडलं नाही. सापडणार कसं? कापड अंगावर विरलं की वाकळेत जाई, वाकळेतून पोतेऱ्यात, पोतेऱ्यातून चुलीत. 2022 साली अमेरिकेत 1880 च्या दशकातली एक जीन लिलावात 87,400 डॉलरला गेली, म्हणजे सत्तर लाखांच्या घरात. ती सापडली होती ओस पडलेल्या खाणीत. खाणीतला मजूर जीन टाकून जाऊ शकला, म्हणून ती उरली. तिच्या खिशाच्या आत छापलेलं होतं की ही गोऱ्या मजुरांनीच बनवलेली आहे. चिनी माणसांना हाकलण्याचा तो काळ. हे वाचल्यावर माझ्या कपाटाचं दार मी दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, हेही खरं.

माझ्या जीनवर पाच वर्षांत काय उमटलं? मागचा भाग साफ पांढरा. उजव्या मांडीवर मोबाइलचा चौकोन. गुडघे निळेच्या निळे. खुर्चीत बसणाऱ्याचा पंचनामा.

भावाच्या डाळिंबाच्या बागेत छाटणीला बाया येतात. त्यांच्या अंगात साडी, साडीवर नवऱ्याचा किंवा लेकाचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. डाळिंबाचा काटा वाईट. बाही नसेल तर कोपरापर्यंत ओरखडे. आजच्या सांगोल्याचा कामाचा पोशाख कुणी विचारला तर तो हा. ओसाकातला कोणी उद्या याची टाक्याला टाका नक्कल करील का? लेकाच्या अकरावीच्या शर्टाला मनगटाशी पडलेली शाईसुद्धा धरून? मला शंका आहे.

गेल्या हंगामात त्यातल्या एका मावशींनी मला जवळ बोलावलं. माझ्या अंगात तो शर्ट होता: 1930 च्या दशकातल्या अमेरिकन रेल्वे कामगारांचा, कोऱ्या डेनिमचा, पाणी न लागलेला. त्यांनी बाही चिमटीत धरली. "भाऊसाहेब, ह्यातनं काटा जायचा न्हाई. जुना झाल्यावर द्या मला."

जुना व्हायला माझ्याकडून दहा वर्षं लागली असती. मी तिथंच काढून दिला, बनियनवर घरी आलो.

दिवाळीनंतर बागेत गेलो तेव्हा शर्ट ओळखू येईना. दोन्ही बाह्यांवर काट्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा, खांद्यावर पाटीची पट्टी, छातीवर डाळिंबाचे डाग. कुठल्याही जपानी कारखान्याला पैसे देऊन मिळणार नाही असा. हावरटासारखा बघत राहिलो. शेवटी म्हणालो, "मावशी, दुसरा नवा देतो, ह्यो द्या मला."

त्या हसल्या. "आता तुमास्नी न्हाई बसायचा त्यो. कढत पान्यात धुतला न्हवं का मी."

खिशात टेप होता. बाही चोवीस इंच होती, ती बावीस भरली. त्यांच्या मनगटावर बरोबर येत होती.