मूकनायक ऐच्छिक, बाकी सगळे सक्तीचे?

एका विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाने पदवीचा नवा अभ्यासक्रम आखायला घेतला आणि कच्चा मसुदा सूचनांसाठी बाहेर काढला. विद्यापीठाचे नाव येथे घेत नाही. आजवर आमच्या हातात आलेले असे मसुदे एकाच साच्यातले होते, त्यामुळे नाव घेऊन एकालाच बदनाम करण्यात अर्थ नाही.

रविवारी वंदना झाल्यावर आम्ही सातजण विहारातच बसलो आणि मसुद्याच्या झेरॉक्स वाटून घेतल्या. आमच्यातल्या तिघांनी पत्रकारितेची पदवी घेतलेली आहे, एकाने ती अर्धवट सोडली, बाकीचे चळवळीतले. पहिले काम काय केले असेल? सगळ्या पानांवर ‘आंबेडकर’ हा शब्द शोधला. दोन ठिकाणी सापडला. पहिल्या सत्रात इतिहासाच्या पेपरात दर्पण, केसरी, सुधारक यांच्यामागे स्वल्पविराम देऊन मूकनायक. आणि शेवटच्या वर्षी ऐच्छिक विषयांच्या यादीत ‘डॉ. आंबेडकरांची पत्रकारिता’, दोन क्रेडिट. त्याच यादीत प्रवासवर्णन आणि चित्रपट समीक्षा. तिघांतून एक निवडायचा.

खरे सांगायचे तर आम्हाला आनंद झाला. स्वतंत्र विषय! एकाने लगेच सूचना लिहायला घेतली की दोनाऐवजी चार क्रेडिट द्यावेत. तेव्हा पदवी पूर्ण केलेली आमची एक मैत्रीण म्हणाली, “पण हा विषय घेणार कोण? आपलीच पोरं. म्हणजे आपण बाबासाहेब वाचायचे, आणि बाकीचे शेजारच्या वर्गात चित्रपट समीक्षा शिकणार. उद्या उपसंपादक तेच होणार आणि आपल्या वस्तीवरच्या हल्ल्याला ‘दोन गटांत हाणामारी’ असा मथळाही तेच देणार.”

त्यानंतर दोन तास भांडण झाले. त्या भांडणातून जे निघाले ते इथे मांडतो आहोत, कारण हा प्रश्न एका विद्यापीठाचा नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ठिकठिकाणी अभ्यासक्रम नव्याने बांधले जात आहेत. मुख्य विषय, ऐच्छिक विषय, भारतीय ज्ञान परंपरा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, प्रत्येकाला क्रेडिट ठरलेले आहेत. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास. म्हणजे दोन क्रेडिटचा ऐच्छिक विषय हा ३० तासांचा मामला. तीन-चार वर्षांच्या पदवीत ३० तास, तेही ज्याला हवे त्याला.

आमचे म्हणणे असे की, बाबासाहेबांना ऐच्छिक यादीत बसवणे हा अभ्यासक्रमातला गावकुसाबाहेरचा प्लॉट आहे. जागा दिली म्हणून मिरवता येते आणि गावाची रचनाही बदलत नाही.

रचना कुठे बदलायला हवी? आधी इतिहासाच्या पेपरात. दर्पण १८३२ चे, तिथून सुरुवात ठीक आहे. पण पुढची उडी थेट १८८१ च्या केसरीवर. मध्ये १८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी दीनबंधु काढला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईतून चालवला, हे कुठे गेले? केसरीच्या चार वर्षे आधी शेतकऱ्या-कामगारांचे पत्र निघत होते, पण ते ‘मराठी पत्रकारिता’ या शीर्षकात बसत नाही! १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे सोमवंशीय मित्र काढत होते. नागपुरात किसन फागूजी बनसोडे एकामागून एक पत्रे काढत होते. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून दीनमित्र चालवला, तोही अनेक दशके. मसुद्यात ‘ग्रामीण पत्रकारिता’ असा अख्खा पेपर आहे आणि त्यात तरवडीचे नावही नाही.

मूकनायकचेही तसेच. ३१ जानेवारी १९२० ही तारीख पाठ करून घेतली की काम संपले. पण त्या पत्रासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, आणि केसरीने पैसे घेऊनही मूकनायकची जाहिरात छापायला नकार दिला, ही माहिती इतिहासात नव्हे, माध्यमांच्या अर्थकारणाच्या पेपरात शिकवायला हवी. जाहिरात कोणाची घ्यायची हे कोण ठरवतो, भांडवल नसलेले पत्र किती दिवस तग धरते, एकच माणूस बहिष्कृत भारतचे रकानेच्या रकाने का लिहून काढतो, याहून चांगले उदाहरण त्या पेपराला कुठे मिळणार? साहित्य मिळत नाही ही सबबही चालणार नाही. मूकनायक आणि बहिष्कृत भारतचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्येच ग्रंथरूपाने छापले आहेत.

नीतिशास्त्राच्या पेपरात गांधी आहेत, टिळक आहेत. १९४३ साली पुण्यात रानड्यांवरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की भारतातली पत्रकारिता पूर्वी पेशा होती, आता धंदा झाली आहे, आणि साबणाच्या कारखान्याइतकीच तिला नीतीची जबाबदारी उरली आहे. आजच्या टीव्ही वाहिन्यांवर चर्चा करायला यापेक्षा ताजे काय हवे? तेही मसुद्यात नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो वार्तांकनाच्या आणि कायद्याच्या पेपरावर. कारण पदवीधराच्या हातून बातमी घडते ती तिथे. कायद्याच्या पेपरात बदनामी, न्यायालयाचा अवमान, माहितीचा अधिकार, कॉपीराइट आहे. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा नाही. मग गटारात उतरलेला कामगार मेला की बातमी येते ‘गुदमरून मृत्यू’, जणू वीज पडली. ज्या बातमीदाराला हा कायदा माहीत आहे तो विचारील की यंत्र का नव्हते, ठेकेदार कोण, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवून दिलेले ३० लाख कुटुंबाला मिळाले का. माहीत नसलेला फायर ब्रिगेडने मृतदेह किती वाजता काढला एवढेच लिहील.

अ‍ॅट्रॉसिटीचेही तेच. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, ६० दिवसांत दोषारोपपत्र जायला हवे, पीडिताला आर्थिक साहाय्य टप्प्याटप्प्याने द्यायचे असते. हे ठाऊक असलेला पत्रकार साठाव्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करतो. न ठाऊक असलेला पहिल्या दिवशी ‘किरकोळ वादातून’ लिहून मोकळा होतो. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांचे कारण फिरत राहिले, जात नंतर आली, तीही आपले लोक रस्त्यावर उतरल्यावर. पुढे न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. का नाही झाला, हे साध्या मराठीत समजावून सांगणारी बातमी पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला लिहिता यायला नको का?

आमची पहिली सूचना म्हणूनच एका प्रात्यक्षिकाची आहे. एकाच अत्याचाराच्या घटनेच्या चार दैनिकांतल्या बातम्या आणि एफआयआर विद्यार्थ्याच्या हातात द्यावी. मथळ्यातून कोण गायब झाले ते त्याने शोधावे, बातमी पुन्हा लिहावी. ‘दलित’, ‘बौद्ध’, ‘अनुसूचित जाती’ यातला कोणता शब्द कुठे, यावर भांडावे. २०१८ मध्ये केंद्राने वाहिन्यांना ‘दलित’ शब्द टाळायला सुचवले तेव्हा आपल्यातच दोन तट पडले होते. ते वर्गात पडले तर काही बिघडत नाही.

इंटर्नशिपचा मुद्दा आमच्यातल्या अर्धवट सोडलेल्या मित्राने लावून धरला. चार क्रेडिट म्हणजे १२० तास, बिनपगारी. तो तालुक्याच्या गावाहून रोज एसटीने यायचा आणि रात्री मेडिकल स्टोअरमध्ये काम करायचा. ज्यांचे काका-मामा वृत्तपत्रात होते त्यांना शहरातल्या मोठ्या दैनिकात जागा मिळाली. याला सांगितले की तुझे तू शोध. त्याने शोधले नाही असे नाही. दीड महिना शोधत होता. शेवटी फी आणि भाडे दोन्ही थकले आणि तो परीक्षेला बसलाच नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीच्या पाहणीत माध्यमांतल्या १२१ नेतृत्वाच्या जागांपैकी १०६ सवर्णांकडे होत्या आणि अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नव्हती. आपल्याकडे हा आकडा फार फिरवला जातो. पण तो वरच्या मजल्याचा आकडा आहे. आमचा मित्र जिन्याच्या पहिल्या पायरीवरच गळला आणि त्याची मोजणी कुठेच नाही. म्हणून मागणी केली की जागा विभागाने यादी लावून वाटाव्यात, मानधन द्यावे, आणि तालुक्याच्या साप्ताहिकात किंवा सामुदायिक रेडिओवर केलेले कामही धरावे.

आता आमच्यातला मतभेद. चळवळीतले एक ज्येष्ठ बाबा म्हणाले, “स्वतंत्र विषय मिळतोय तो सोडू नका रे. सगळ्यांत मिसळा म्हणता, मिसळला की विरघळतो.” हे खोटे नाही. सक्तीच्या पेपरात घातले आणि शिकवणाऱ्याला गोडी नसली, तर एका गुणाचा प्रश्न येईल: मूकनायक कोणी सुरू केले? उत्तर लिहा, पुढे चला. शिकवणारे कोण हा प्रश्न अभ्यासक्रमाने सुटत नाही, तो रोस्टरने आणि रिक्त जागा भरण्याने सुटतो, आणि त्या जागा वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर ढकलल्या जातात. बाबांचे म्हणणे अर्धे मान्य केले. ऐच्छिक विषय राहू दे म्हणून लिहिले, पण पहिल्या पानावर नाही, शेवटच्या परिच्छेदात.

दुसरा आक्षेप विभागातूनच आला, तोंडी. अभ्यासक्रमात राजकारण आणू नका. आम्ही विचारले, दीनबंधु गाळताना राजकारण नव्हते का? उत्तर आले नाही, चहा आला.

नऊ पानी निवेदन आवक-जावक विभागात दिले, शिक्का मारून पोच घेतली. अभ्यास मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर दर रविवारी आम्ही त्या प्रात्यक्षिकाची फाइल तयार करतो आहोत: कात्रणे, एफआयआरच्या नावे झाकलेल्या प्रती, कायद्याची कलमे मराठीत. मंडळाने घेतली तर त्यांना देऊ. नाही घेतली तर जूनपासून विहारातच वर्ग आहे, आणि पहिला तास तो अर्धवट सोडलेला मित्र घेणार आहे.

जयभीम.