स्थिर ध्वनी

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रे आली आणि पहिल्याच दिवशी घरातला कूलर नाहीसा झाला. म्हणजे तो आपल्या खिडकीत होता, ताट्या भिजवीत होता, वाराही देत होता. परंतु ज्या घरघरीच्या सोबतीने मी दिल्लीतले इतके उन्हाळे काढले, ती घरघर क्षणात विरून गेली. मागच्या खोलीतून सुनेने विचारलेला प्रश्न मात्र स्वच्छ ऐकू आला. करंगळीच्या पेराएवढे ते यंत्र मला त्या दिवशी फार शहाणे वाटले.

त्या शहाणपणाची दुसरी बाजू त्याच रात्री कळली. माझ्या पत्नीच्या रियाजाची एक कॅसेट मजजवळ आहे. १९८३ सालची, नव्वद मिनिटांची. तेव्हा आम्ही सरकारी वसाहतीत राहत होतो. नव्या टू-इन-वनच्या उत्साहात एका सकाळी तिला न सांगता मी त्याचे तांबडे बटण दाबले होते. २०१६ साली ती गेली. त्यानंतर ही कॅसेट मी क्वचितच लावीत असे. एक तर फीत झिजण्याचे भय, आणि दुसरे कारण सांगण्याची गरज नाही. त्या रात्री लावली. तिचा आवाज कित्येक वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला. शब्द, शब्दांमधला श्वास, तान मनासारखी न उतरल्यावरचा तो चुकचुकाट, सारे आले. परंतु ते सगळे अधांतरी होते. तिच्या आवाजाखाली तंबोरा नव्हता. आरंभी काही क्षण तो वाजत होता, मग कुणी हळूच दार लोटून घ्यावे तसा विझत गेला. यंत्रे काढून ऐकले तर तंबोरा होता, पण तिचे शब्द पुसट झाले होते.

पुढे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. या यंत्रातला इवलासा संगणक क्षणोक्षणी निवाडा करीत असतो, की हे बोलणे आहे की गोंगाट? माणसाचे बोलणे चढते, उतरते, अक्षराअक्षरांत तुटते. जे बराच वेळ एकसारखे टिकून राहते ते त्याच्या लेखी पंखा, कूलर, मोटारीचे इंजिन. त्याला तो दाबून टाकतो. हे गणित मांडणाऱ्याला दोष देववत नाही. बहुतेक म्हाताऱ्यांचे गाऱ्हाणे बोलणे समजत नाही असेच असते. तपासणीच्या वेळी मला एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकविण्यात आले, शब्द म्हणवून घेण्यात आले, आणि उजवीकडे उतरत जाणाऱ्या रेघेचा एक आलेख हाती देण्यात आला. गाणे ऐकता का, असे कुणी विचारले नाही. मलाही सांगावेसे सुचले नाही.

आणि तंबोऱ्याचा तर सगळा धर्मच एकसारखे राहण्याचा! आमचा तंबोरा मिरजेचा. १९७५ साली तेथून आणताना भोपळ्याला धक्का लागू नये म्हणून सबंध प्रवासभर ती तो कुशीत घेऊन बसली होती. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो केसभर इकडे-तिकडे सरकवून जवारी उघडायची असते. तारा चार, पण जवारी नीट उघडली की खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार आपोआप डोकावतो. तो गंधार येईपर्यंत ती गायला आरंभ करीत नसे. चहा गार होई. मला त्या वेळी त्याचा थोडा रागही येई, हे आता कबूल करायला हरकत नाही. गंधार मला कळत नव्हता. फक्त घर भरल्यासारखे वाटे, आणि ती तंबोरा खाली ठेवी तेव्हा एकाएकी भिंती जवळ आल्यासारख्या वाटत.

हा अनुभव आमच्या घरी पहिला नव्हता, हे मागाहून ध्यानात आले. २०२० साली टाळेबंदीत माझी नात पुण्याच्या आपल्या बाईंकडे मोबाईलवरून गाणे शिकू लागली. बाई तिकडे तंबोरा लावून बसत आणि इकडे तो पोहोचतच नसे. मोबाईलमधल्या बैठकीची व्यवस्थाही बोलण्यासाठीच बांधलेली, तिनेही तंबोऱ्याला पंख्याच्या पंक्तीला बसविले. शिवाय आवाज पोहोचण्यास क्षणाचा विलंब, त्यामुळे दोघींनी एका वेळी गाणेही अशक्य. नात वैतागे आणि मी हसत असे. तिने पुढे कुठलीशी कळ शोधून मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची सोय केली. मी ती पोरांची विद्या म्हणून सोडून दिली होती.

एरवी आमच्या घरात यंत्रांची वाण नाही. मुलगा मेट्रोत कानात बोंडे खुपसून ऐकतो, सून स्वयंपाकघरातल्या डबीला हुकूम सोडते, आणि पाच हजार जुनी गाणी भरलेली एक पेटी मला भेट मिळालेली आहे. प्रत्येकाचे गाणे निराळे, आणि ते दुसऱ्याला फारसे ऐकू येत नाही. एमपीथ्री नावाची जी युक्ती गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली तिचेही तत्त्व असेच: मोठ्या आवाजाच्या आड लपलेला लहान आवाज कानाला जाणवत नाही, तेव्हा तो गाळावा आणि जागा वाचवावी. कुणाच्या कानाला, एवढाच माझा प्रश्न.

अखेर नातीलाच शरण गेलो. तिने ती कॅसेट एका तारेने संगणकाला जोडून उतरवून घेतली. फितीची खरखर काढून टाकता येते असे मुलगा म्हणाला, तर ती म्हणाली, “नको बाबा, तंबोरा जाईल.” मग माझ्या यंत्रांत गाण्यासाठी म्हणून एक वेगळी मांडणी मुळातच होती, ती तिने मोबाईलवरून सुरू करून दिली. तिच्यात निवाडा होत नाही. कूलर परत आला, मोठ्याने घरघरत. आणि त्याच्या पाठोपाठ तंबोरा आला.

आम्ही दोघे पहिली बाजू ऐकत बसलो. मध्येच ती म्हणाली, “आजोबा, मागे चिमण्या आहेत.”

मला काही ऐकू येईना. त्या वसाहतीतल्या घराच्या झरोक्यात चिमण्यांचे घरटे होते आणि काड्या नेमक्या तंबोऱ्यावर पडत, हे मी तिला कधी सांगितलेले नव्हते. नव्या मांडणीत, कूलर बंद करून, पुन्हा ऐकले. तंबोरा होता, ती होती, चिमण्या नव्हत्या. तेव्हा नात माझ्यासमोर बसली आणि चिवचिवाट झाला की एक बोट वर करू लागली. बाजू संपेपर्यंत मी तिच्या बोटाकडे पाहत होतो.