टेबलावरचं जंबो आणि हँगरमधली माणसं

डोंबिवलीला विमानतळ नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली होती, पण तिथे विमान उतरताना आमच्या पिढीने कधी पाहिलं नाही. त्या जमिनींचा वाद मात्र २०१७ च्या जूनमध्ये रस्त्यावर आलेला पाहिला. तरीही, ज्यांच्या सहीशिवाय विमान जागचं हलत नाही अशी माणसं ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये पूर्वीपासून राहतात. कलिना-सांताक्रूझच्या हँगरमधले तंत्रज्ञ, इंजिनिअर, स्टोअर्समधले लोक. मुंबईत जागा परवडेना म्हणून ते मध्य रेल्वेच्या मार्गाने लांब आले आणि आयुष्यभर कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस असं करत पाळ्या सांभाळत राहिले. पहाटेच्या पाळीला जाणारा माणूस सोसायटीत कुणाच्या नजरेस पडत नाही आणि रात्रपाळी करून आलेला दुपारभर झोपलेला असतो. त्यामुळे शेजारचे काका ‘एअरपोर्टला असतात’ यापलीकडे कुणाला काही ठाऊक नसतं.

मलाही नव्हतं. मी नोकरीने बँकेतला आणि शाळेपासून स्केल मॉडेल करणारा. किटमध्ये प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटलेले सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, फटी पुट्टीने भरायच्या, पुन्हा घासायचं, प्रायमर मारायचा, रंगवायचं. लढाऊ विमानांसाठी १/७२ हे प्रमाण सोयीचं. त्यात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. प्रवासी विमानं मात्र १/१४४ मध्ये करावी लागतात. जंबोची, म्हणजे बोइंग ७४७-४०० ची, लांबी ७०.६ मीटर, म्हणजे १/१४४ मध्येसुद्धा ते ४९ सेंटिमीटरचं होतं. डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये एवढ्या विमानासाठी शोकेसचा एक अख्खा कप्पा रिकामा करावा लागतो.

असंच एक जंबो माझ्या टेबलावर अर्धवट उभं असताना वरच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती द्यायला आले. घरी येणारा कुणीही आधी रंगाचं कौतुक करतो. काकांनी रंगाकडे पाहिलंच नाही. त्यांनी चष्मा वर सरकवला, मॉडेल पोटाकडून वर उचललं आणि विचारलं, “बॉडी गिअर कुठला आणि विंग गिअर कुठला, ठाऊक आहे तुला?”

जंबोला अठरा चाकं असतात. दोन नाकाखाली, सोळा मागे. मागच्या सोळांचे चार-चारचे गट. त्यातले दोन गट पंखांखाली आणि दोन त्यांच्या जरा मागे, पोटाखाली. एवढं मला किटच्या कागदावरून माहीत होतं. पोटाखालचे दोन्ही गट जमिनीवर वळताना स्वतःही वळतात, हे मी कधी वाचलं नव्हतं. “नाही वळले तर टायर आडवे घासत जातील,” काका म्हणाले. “टायर बदलायला आम्हीच जायचो ना. आणि त्यात साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. हवेत ओल असते, ती वर थंडीत गोठते. शिवाय ब्रेक तापले तर आत प्राणवायू नको.” मग ते खुर्ची ओढून बसले. पावती टेबलावर तशीच राहिली. एअर इंडियाच्या जंबोंवर त्यांनी नोकरीची बरीच वर्षं काढली होती आणि इतक्या वर्षांच्या शेजारात मला हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

आमचा गट त्यातून जमला. त्याला नाव नाही, वर्गणी नाही. रविवारी सकाळी कधी डोंबिवलीत आमच्याकडे, कधी नौपाड्यात एकाच्या घरी जमतो. चारपाच मॉडेल करणारे, दोनतीन निवृत्त विमान तंत्रज्ञ, हवाई दलात अजित विमानांवर काम केलेले कल्याणचे एक आजोबा आणि विमान देखभालीचा कोर्स करणारी एक मुलगी. विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या परवान्यात यांत्रिक कामासाठी बी-१ आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी बी-२ असे वर्ग आहेत. तिला बी-१ व्हायचं आहे.

मॉडेलवाले आणि मेंटेनन्सवाले एका टेबलाशी बसले की काय होतं, ते मला फार मोलाचं वाटतं. मॉडेल करणाऱ्यांमध्ये ‘वेदरिंग’चं मोठं प्रस्थ असतं. विमान वापरातलं वाटावं म्हणून त्यावर काजळी, ओघळ, डाग दाखवायचे. बहुतेक जण ते अंदाजाने करतात. आमच्या काकांना अंदाज चालत नाही. मळ कुठे साचतो, का साचतो आणि कुठल्या दिशेने ओघळतो याला कारण असतं, असं त्यांचं म्हणणं. उतरल्यावर वेग कमी करणारा रिव्हर्सर उघडला की काजळी पुढे फेकली जाते, म्हणून इंजिनाच्या आवरणावर तिचा डाग अमुक जागी हवा. चाकांच्या कप्प्यात ब्रेकची काळी धूळ आणि ग्रीस. शेपटीच्या टोकाला एपीयूचा, म्हणजे तिथल्या छोट्या सहायक इंजिनाचा, धूर. पोटाखालून बाहेर आलेल्या ड्रेन मास्टच्या मागे ओघळ. हायड्रॉलिकचं तेल, ज्याला सगळे स्कायड्रॉल म्हणतात, ते जांभळट असतं. कातडीला लागलं की आग होते आणि साध्या रंगाला ते सोलून काढतं. “गळती दाखवायची तर कुठल्या जॉइंटमधून, ते आधी ठरव,” असं काका बजावतात. तेव्हापासून मी ब्रश टेकवण्याआधी त्या जागी आत काय आहे ते शोधतो. माझ्या मते मॉडेल करण्यातला खरा आनंद हाच आहे.

त्या जंबोचं सगळ्यात अवघड काम होतं खिडक्यांभोवतीचे लाल झरोके. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे पहिलं जंबो आलं, ‘एम्परर अशोका’. तेव्हापासून खिडक्यांना महालासारख्या कमानी रंगवायची पद्धत पडली. १/१४४ मध्ये एकेक कमान मोहरीएवढी. त्या हाताने रंगवणं शक्य नाही, डिकल, म्हणजे पाण्याने उतरवायचं छापील चित्र, लावावं लागतं. कोमट पाण्यात डिकल भिजवायचं, कागदावरून बोटाने हलकेच सरकतं का ते बघायचं आणि ओल्या ब्रशने विमानाच्या अंगावर उतरवायचं. पृष्ठभाग खरखरीत असेल तर खाली हवा अडकते आणि डिकलखाली चंदेरी चकाकी दिसते, म्हणून आधी ग्लॉसचा हात. हे काम आलं ऐन जुलैत. हवेत इतकी ओल की ग्लॉसचा हात वाळता वाळेना, आणि घाईने दुसरा हात मारला तर त्यावर पांढुरकी धुरी येते. डिकलची पट्टी डाव्या बाजूला पुढच्या दरवाजापासून सुरू केली. पहिली कमान पहिल्या खिडकीवर नेमकी बसली तरी शेपटीकडे जाईपर्यंत अर्धा मिलिमीटर सरकलेली असते. म्हणून पट्टीचे दरवाजांपाशी तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा त्याच्या पहिल्या खिडकीशी जुळवला. काका शेजारी भिंग धरून बसले होते. एका शब्दाने बोलले नाहीत. शेवटचा तुकडा बसल्यावर त्यांनी फक्त हात पुढे करून माझा ब्रश घेतला आणि पाण्यात धुऊन जागेवर ठेवला.

हत्यार जागेवर ठेवणं हा त्यांच्या रक्तातला नियम. हँगरमध्ये हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवलेली असते. रिकामी आकृती म्हणजे काहीतरी बाहेर राहिलं. ठाण्याचे एक निवृत्त इंजिनिअर एका पावसाळी रात्रीची गोष्ट सांगतात. कुठल्या कंपनीतली ते सांगत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. पाळी संपताना एक पाना कमी भरला. विमान सुटायची वेळ झाली होती, प्रवासी खोळंबले होते, वरून फोनवर फोन. त्या रात्री उघडलेलं प्रत्येक पॅनेल पुन्हा उघडलं, बॅटरी मारून आत पाहिलं, बंद केलं. पाना शेवटी एकाच्या रेनकोटच्या अस्तरात सापडला. तोवर सहीसाठी कुणी पेन उघडलं नाही. उशिराचं कारण प्रवाशांना ‘तांत्रिक’ एवढंच कळलं असणार. आपण विमानतळावर बसून ज्या ‘तांत्रिक कारणां’ना शिव्या घालतो, त्यांतल्या कितीतरी वेळा कुणीतरी असंच पेन बंद ठेवलेलं असतं. ही गोष्ट ऐकल्यापासून उशीर झाला की मी गप्प बसतो.

एका रविवारी काका अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर बसवलेले दोन बोल्ट घेऊन आले. बोल्टच्या डोक्यांना आरपार भोकं होती. सोबत ०.८ मिलिमीटरची स्टीलची तार. लॉकिंग वायर. विमान सतत थरथरतं, त्या थरथरीने बोल्ट सैल होऊ शकतात, म्हणून महत्त्वाच्या जागी त्यांना जोडीजोडीने तारेने बांधतात. तार पहिल्या डोक्यातून ओवली, दोन्ही टोकं पकडीत धरून वेणीसारखी पिळली. एका इंचात सहा ते आठ पीळ, कमी नाहीत, जास्त नाहीत. मग दुसऱ्या डोक्यातून काढून पुन्हा पीळ आणि उरलेलं टोक आत वळवून दाबलं, पुढच्या माणसाचा हात कापू नये म्हणून. खरी गंमत दिशेत. तार अशा बाजूने न्यायची की एक बोल्ट सुटायला लागला तर तारेचा ताण दुसऱ्याला आवळेल. दुसरा आधीच घट्ट असतो, म्हणून पहिलाही सुटू शकत नाही. त्यांनी ती तार दोन मिनिटांत बांधली. नंतर आमच्यातल्या प्रत्येकाने बांधून पाहिली. त्या मुलीची सोडली तर सगळ्यांची त्यांनी कापून टाकली. तिच्या तारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ही चालेल.” तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मेंटेनन्सवाल्यांच्या बोलण्यात एक ब्रिटिश विमान वारंवार येतं. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं बीएसी वन-इलेव्हन. वर चढत असताना कॅप्टनसमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन कंबरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. ती काच नुकतीच बदलली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा ०.६६ मिलिमीटरने बारीक होते, उरलेले सहा आखूड. काच बसवणारा माणूस अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट नव्याशी डोळ्यांनी जुळवून पाहिला, पुस्तकातला नंबर पाहिला नाही.

“डोळा चांगला असतो तेव्हाच धोका जास्त,” काका यावर म्हणाले. मॉडेल करणाऱ्यांचा सगळा भरवसा डोळ्यावर असतो, म्हणून हे वाक्य मला लागलं. ०.६६ मिलिमीटर १/७२ मध्ये केला तर दिसणारही नाही.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री ‘एम्परर अशोका’ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. त्याबद्दल काका बोलत नाहीत आणि आम्ही खोदत नाही.

अजित विमानांवरचे आजोबा मात्र भरभरून बोलतात. अजित हे नॅट या ब्रिटिश लढाऊ विमानावरून बंगळुरूला एचएएलने तयार केलेलं विमान. नॅटची चाकं अर्धवट खाली आणून एअरब्रेकसारखी वापरत, हे आम्हाला त्यांनी उभं राहून, हातांची चाकं करून दाखवलं. त्यांना घेऊन आम्ही वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत पाहायला गेलो. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बनलेलं हे विमान १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. नॅटमध्ये होतं त्याच ऑर्फियस घराण्यातलं इंजिन त्यात होतं, पण दोन. आजोबा शेपटीकडे गेले, दोन्ही नळकांड्यांत वाकून पाहिलं आणि एका पॅनेलवर हात ठेवून त्यामागे काय काय असेल ते ओळीने सांगत गेले. शाळेच्या सहलीची मुलं थांबून ऐकायला लागली. तिथल्या फलकावर यातलं काहीच लिहिलेलं नाही.

२२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाच्या जंबोंपैकी ‘आग्रा’, म्हणजे व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून शेवटचं उडालं. अमेरिकेत नेऊन सुटं करायला. वर जाताना वैमानिकाने पंख हलवून निरोप दिला, त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. काकांनी तो माझ्या मोबाइलवर दोनदा पाहिला आणि म्हणाले, “गिअर वेळेवर आत गेला बघ.” सुटे भाग दुसऱ्या विमानांना लागतील याचं त्यांना समाधान होतं. मला मात्र राहून राहून वाटलं की त्या विमानावर रात्री जागलेल्या माणसांची हकिकत कुठल्या हँगरमध्ये सांभाळून ठेवली आहे?

कुठेच नाही. कंपन्यांकडे नोंदी असतात, पण त्या बोल्टच्या नंबरांच्या असतात. म्हणून आता आम्ही एक काम नेमाने करतो. मॉडेल पूर्ण झालं की त्यासोबत वहीत त्या विमानावर काम केलेल्या माणसाची गोष्ट त्याच्या शब्दांत लिहून घेतो. कुठलं इंजिन, कुठली पाळी, काय बिघडलं, कसं सापडलं. कंपनीचं नाव नको असेल तर वगळतो. ती मुलगी लिहून घेते, कारण तिला शब्द कळतात आणि नेमका पुढचा प्रश्न सुचतो.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात, इमारतीत, नात्यात विमानांच्या देखभालीत आयुष्य घालवलेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडे वही घेऊन जा. ‘कसं होतं हो काम?’ असं मोघम विचारू नका, उत्तर दोन वाक्यांत संपेल. एखाद्या विमानाचं चित्र किंवा साधं खेळण्यातलं विमान समोर ठेवा आणि यातला तुमचा भाग कुठला, ते विचारा. आणि त्यांची लॉगबुकं, शिक्के, पान्यांची पेटी घर आवरताना भंगारात घालू नका.