बारा वॅट

निपाणीच्या माणसाला तंबाखूतलं काही शिकवायला जाऊ नये, असं आमचे दादा म्हणत. त्यात थोडी बढाई असली तरी खोटं फारसं नव्हतं. आमचं घर तीन पिढ्या तंबाखूवर जगलं. आजोबांची वखार, दादांचं अडतीचं दुकान आणि घरात कुठंही हात लावा, बोटाला खकाणा. पाहुणे आधी शिंकत आणि मग नमस्कार करत. १९८१ साली शरद जोशींबरोबर शेतकरी तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर ठाण मांडून बसले, पुढं गोळीबार झाला, माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या दुकानाच्या ओट्यावर कुणी मोठ्यानं बोललं नाही. सांगायचं एवढंच, की तंबाखू म्हणजे आम्हांला व्यसन नव्हतं, घरातलं माणूस होतं. आवडो न आवडो, त्याच्यावाचून भागत नसे.

आमच्याकडच्या तंबाखूची विडी होते. दादा स्वतः मात्र सिगारेट ओढत. व्यापाऱ्यांत बसायचं, तर हातात विडी शोभत नाही, असं त्यांचं मत. दिवसाला दोन पाकिटं. २०११ साली फुप्फुसाच्या कर्करोगानं ते गेले तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, इंग्लंडात लेस्टरला संगणकाच्या नोकरीत आहे. वडिलांच्या दिवसांना आला तेव्हा तेराव्याचं जेवण झाल्यावर मागच्या परसात जाऊन तो सिगारेट ओढत होता. मी पाहिलं, त्यानंही मी पाहिल्याचं पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

२०१७ साली त्याला मुलगी झाली आणि त्यानं सिगारेट सोडून वाफेची नळी धरली. तिकडं तिला व्हेप म्हणतात. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चीनमधले औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ साली आजच्या स्वरूपाच्या या वस्तूची कल्पना प्रत्यक्षात आणली. ते स्वतः सिगारेट ओढणारे, आणि त्यांचे वडीलही फुप्फुसाच्या कर्करोगानं गेलेले. ते वाचलं तेव्हा मला निपाणी आणि चीन यांत फार अंतर वाटलं नाही. या वस्तूत तंबाखू जळत नाही, कारण तंबाखू तिच्यात नसतोच. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, काहीतरी वासाचं आणि निकोटीन असं पातळ मिश्रण असतं. ते कापसात मुरतं, कापसाच्या पोटात बारीक तारेचं वेटोळं असतं, बटण दाबलं की तार तापते आणि मिश्रणाची वाफ होते. धूर नाही, राख नाही, डांबर नाही. म्हणून ती निरुपद्रवी ठरते असं मात्र नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं २०१५ साली ती सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचं सांगितलं. पण तो जाणकारांचा अंदाज होता, कुणी तराजूत तोलून काढलेला आकडा नव्हता. ज्यानं कधी ओढलंच नाही त्यानं या नळीच्या वाटेला जाण्याचं काही कारण नाही. ज्याला ओढल्यावाचून राहवत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेस्टरला तीन महिने राहिलो, तेव्हा या नळीची आणि माझी नीट ओळख झाली. पुतण्याची तक्रार अशी, की दिवसभर नळीवर भागतं, पण संध्याकाळी सहाच्या सुमाराला जीव कासावीस होतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा पाकीट घेतलंच जातं. त्याची बायको म्हणे, मनाचा निग्रह कमी पडतो. तो स्वतःही तेच म्हणे. मी बेळगावात तीस वर्षं पॉलिटेक्निकात विजेचा विषय शिकवला. त्यामुळं निग्रहाच्या आधी मी बॅटरीकडं पाहिलं.

त्याची ती नळी वीस पौंडांची होती. तिच्यात तारेला थेट बॅटरी जोडलेली, मध्ये काही नाही. तारेचा रोध १.२ ओहम. पूर्ण भरलेली लिथियमची बॅटरी ४.२ व्होल्ट देते आणि उतरत आली की ३.४ वर येते. व्होल्टचा वर्ग करा, रोधानं भागा, शक्ती वॅटमध्ये मिळते. पहिल्या वर्षाचं गणित. सकाळी १४.७ वॅट, संध्याकाळी जेमतेम साडेनऊ. म्हणजे सकाळची वाफ दाट आणि ऊन, संध्याकाळची पातळ, मचूळ. एक तृतीयांश जोर गेलेला, आणि तोही नेमका माणूस कामानं थकलेला असताना. मी वहीच्या कागदावर आकडे मांडून दाखवले. तो बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘काका, म्हणजे मी नाही, बॅटरी उतरत होती?’ मी म्हटलं, ‘दोन्ही असेल. पण बॅटरीचा इलाज दुकानात मिळतो.’

इलाज म्हणजे शक्ती कमी-जास्त करता येणारं यंत्र. त्यात बॅटरी आणि तार यांच्यामध्ये एक छोटा विद्युतमंडल असतो. तो तारेचा रोध मोजतो, बॅटरी उतरली तर व्होल्टेज चढवतो, जास्त असलं तर उतरवतो, आणि तुम्ही बारा वॅट ठरवले तर बॅटरी संपेपर्यंत बाराच देतो. आपल्याकडं फ्रिजला स्टॅबिलायझर लावतात, तसलाच प्रकार.

दुकान लेस्टरच्या गुजराती वस्तीत होतं. मालकाचे वडील १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेल्यांपैकी. मी निपाणीचा म्हटल्यावर त्यांनी मला ओळखलं नाही, पण निपाणीला ओळखलं. ‘बीडीवाला गाम!’ म्हणाले आणि चहा मागवला. यंत्रांच्या तीन ओळी लावलेल्या. पंधरा-वीस पौंडांच्या नळ्या. चाळीस-पन्नास पौंडांची मधली. आणि दीडशेच्या पुढची, लाकडी मुठीची, ज्यांच्याकडं पुतण्या मुलांनी खेळण्याकडं बघावं तसा बघत होता. मालकांनी मधल्या ओळीतलंच एक पुढं केलं. दोन बॅटऱ्या, दोनशे वॅट, रंगीत पडदा. वर मोठी टाकी, ०.२ ओहमची तार. यावर तीन मिलिग्रॅमचं मिश्रण पुरतं, म्हणाले. आता बारा चालतं ना, एकदम चौथाईवर याल. पुतण्याचा चेहरा खुलला.

इथं मला पुन्हा वही काढावी लागली. दुकानदार खोटं बोलत नव्हते, पण हिशोब अर्धाच सांगत होते. बारा मिलिग्रॅम म्हणजे एका मिलिलिटरमध्ये बारा. लहान नळीवर पुतण्या दिवसाला तीन मिलिलिटर संपवत असे. म्हणजे छत्तीस मिलिग्रॅम. मोठं यंत्र साठ-सत्तर वॅटवर वाफेचे ढग काढतं आणि मिश्रण पाण्यासारखं पितं. दिवसाला बारा मिलिलिटर कुठंच गेले नाहीत. बारा त्रिक छत्तीस! यातलं अंगात किती भिनतं हे ओढण्याच्या रीतीवर अवलंबून, ते सोडा. पण बाटलीवरचा आकडा कमी झाला म्हणजे व्यसन कमी झालं, असं होत नाही. वर बाटल्यांचा खर्च चौपट. मालक हसले आणि गुजरातीत काहीतरी म्हणाले, त्याचा अर्थ मास्तर बरोबर घेऊन दुकानात येऊ नये, असा असावा.

ओढण्याच्याही दोन रीती असतात. एक, सिगारेटसारखी, आधी तोंडात घेऊन मग छातीत. दुसरी, हुक्क्यासारखी, सरळ छातीत. दोनशे वॅटचं यंत्र दुसऱ्या रीतीचं. वीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाच्या गालांना आणि ओठांना पहिलीच सवय असते, आणि सुटायची तीच तर असते. घागरभर पाणी काढायला दहा अश्वशक्तीचा पंप कशाला? मी मालकांना म्हटलं, ‘जास्तीत जास्त किती वॅट ते राहू द्या, बारा वॅटवर कोणतं नीट चालतं ते सांगा.’ असं गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणाले. पण मग मात्र त्यांनी मनापासून दाखवलं.

शेवटी ठरलं ते असं. एका बॅटरीचं, ऐंशी वॅटपर्यंतचं यंत्र, वर अरुंद हवावाटेची टाकी, १.२ ओहमची तार. दोन्ही मिळून बेचाळीस पौंड. ऐंशी वॅटची गरज नव्हती, पण त्या किमतीत त्याहून लहान आणि भरवशाचं नव्हतं. बॅटरी आत बंद केलेली नको, काढता-घालता येणारी हवी, हा माझा हट्ट. बॅटरी दोनेक वर्षांत थकते. ती बदलता आली तर यंत्र टिकतं. ती १८६५० नावाची मिळते. नावातच माप आहे, अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट लांब. बारा वॅटला तिच्यातून चार अँपियरच्या आत प्रवाह जातो, तिच्या ताकदीच्या मानानं काहीच नाही. तरी मी दोन गोष्टी बजावल्या: वरचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलं की ती फेकायची, आणि सुटी बॅटरी किल्ल्या-नाण्यांच्या खिशात कधी टाकायची नाही, प्लास्टिकच्या डबीत ठेवायची. लिथियमच्या दोन टोकांत किल्ली आडवी आली तर खिशात विस्तव होतो. टाकीचा आटाही सर्वसाधारण मापाचा निवडला, म्हणजे टाकी बिघडली तर दुसऱ्या कुणाचीही बसते.

पहिल्या आठवड्यात पाकीट आलं नाही. दुसऱ्यात एकदा आलं, ते कचेरीतल्या कटकटीमुळं. त्याला माझ्याकडं सूत्र नव्हतं. ऑगस्टअखेर तो बारावरून सहा मिलिग्रॅमवर आला. वॅट तेच ठेवले आणि रोज किती मिलिलिटर संपलं ते लिहून ठेवायला लावलं. तीनाचे साडेतीन झाले, चारच्या वर गेले नाहीत. म्हणजे छत्तीसचे एकवीस. हे खरं कमी होणं.

मग १८ सप्टेंबर २०१९ उजाडला. भारत सरकारनं वटहुकूम काढून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळं बंद केलं. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या कर्नाटकानं तर २०१६ सालीच विक्रीवर बंदी घातली होती. पुतण्याचं दिवाळीचं विमान ठरलेलं. दादांच्या माघारी वहिनींना तो दिवाळीत घरी हवा असे. निपाणीत पंधरा दिवस. यंत्र नेता येत नाही आणि घरापासून वीस पावलांवर पानपट्टी. त्यानं मला विचारलं, ‘काका, तिथं मी काय करू?’

कायद्याशी माझं भांडण नाही. शाळकरी पोरांच्या दप्तरांत या नळ्या शिरतात, फळांच्या वासांनी भुलवतात, हे लेस्टरमध्येही डोळ्यांनी पाहिलं; पुढं १ जून २०२५ पासून ब्रिटननंही वापरून फेकायच्या नळ्यांची विक्री बंद केली. आपल्या देशात सिगारेट नवी असती आणि तिला दारातच अडवता आलं असतं, तर मीही अडवली असती. पण ज्या वखारीच्या गावात विडीचा कट्टा उघड्यावर मिळतो, तिथं विडी सोडू पाहणाऱ्यानं हातातली काठी सीमेबाहेर ठेवून यायचं, हे मला पचायला जड गेलं. सीमाभागातल्या माणसाला एका बाजूचं चालतं ते दुसऱ्या बाजूला चालत नाही याची सवय असते म्हणा. आम्ही पाटीवरच्या भाषेपासून ते शिकलो आहोत.

त्यानं यंत्र लेस्टरलाच ठेवलं, बॅटरी काढून डबीत. येताना निकोटीनचा दोन मिलिग्रॅमचा चघळायचा गोंद आणला. तो आपल्याकडंही औषधाच्या दुकानात मिळतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तो ओट्यावर बसून तोंड हलवत होता. वहिनींचं माहेर चिकोडीकडचं, अर्धं कन्नड. त्यांनी विचारलं, ‘काय चघळतोस रे सकाळधरनं?’ त्यानं सगळं सांगितलं. बापाचं सोडायला एवढं सामान लागतं का, असं त्या म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘चघळ. पण परसात जाऊ नकोस हं. साकु.’ साकु म्हणजे पुरे. तो गेला नाही. पंधरा दिवसांत पानपट्टीवर एकदाच गेला, माझ्याबरोबर, माझ्या सुपारीसाठी.

आज तो तीन मिलिग्रॅमवर आहे. शून्यावर आलेला नाही, आणि येईल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. सिगारेट मात्र २०२१ पासून शिवलेला नाही. परवा त्याचा फोन आला. त्या टाकीच्या तारा कंपनीनं बनवायच्या बंद केल्या आहेत. नवं यंत्र घ्यायचं म्हणतो, सध्या बाजारात पन्नास पौंडांत बरं मिळतंय, कोणतं बघू? मी विचारलं, ‘जुन्या तारा किती शिल्लक आहेत?’ दोन पाकिटं, म्हणजे दहा. एक तार दोन आठवडे चालते. वीस आठवडे होतात.

‘त्या संपू देत,’ म्हटलं. ‘मग फोन कर.’